झाडी : दिलेले नाव आणि घेतलेले नाव

देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या कारकिर्दीतील, इ. स. १२७२ च्या ठाणे ताम्रपटात हेमाद्री पंडिताची जी प्रशस्ती आहे, तीत त्याने झाडीमंडळ अंकित केल्याचा निर्देश येतो. आजच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या प्रदेशाला ‘झाडी’ म्हणण्याची जी रीत आहे, तिचा हा एक जुना आणि भक्कम पुरावा होय. झाडीबोलीच्या अभ्यासकांनी तो अभिमानाने वारंवार उद्धृत केला आहे. तथापि या अभिमानात एक गोष्ट नजरेआड होते. येथे हे नाव झाडीतल्या माणसाने उच्चारलेले नाही. ते देवगिरीहून पाहणाऱ्याने, जिंकलेल्या मुलखांच्या यादीत नोंदवलेले आहे. दाट वृक्षांचा, वाट न सापडणारा, राजधानीपासून दूरचा तो प्रदेश म्हणजे झाडी. एखाद्या प्रदेशाला त्याच्या रहिवाशांवरून, नदीवरून वा देवतेवरून नाव मिळणे निराळे, आणि आत शिरताना आलेल्या अडचणीवरून नाव मिळणे निराळे.

याच दशकात, इ. स. १२७८ च्या सुमारास, ‘लीळाचरित्रा’ची रचना होत होती. त्याच्या एकांकात श्रीचक्रधर पूर्वेकडे भ्रमण करतात आणि भंडाऱ्यास त्यांना नीळभट भांडारेकार भेटतो. तो त्यांच्या आरंभीच्या अनुयायांपैकी एक. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेल्या प्रतीत (१९७८) या लीळा आज सहज पाहता येतात. ताम्रपटातील झाडी आणि लीळांतील भंडारे हा प्रदेश एकच, पण त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र एक नव्हे. ताम्रपटाला तेथे शत्रू दिसतो, म्हाइंभटाला तेथे एक नाव असलेला, बोलणारा, मागोमाग चालू लागणारा मनुष्य दिसतो. पहिल्या मराठी गद्यग्रंथात झाडीचा मनुष्य आहे, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासांनी लक्षात घेतल्याचे फारसे आढळत नाही. पुढे सहाशे वर्षे या प्रदेशाच्या वाट्याला मुख्यतः ताम्रपटाचीच दृष्टी आली.

प्रस्तुत लेखात या नावाच्या प्रवासाचा विचार करावयाचा आहे. प्रादेशिक अस्मितेची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘ती आहे’ असे गृहीत धरून होते आणि मग तिच्या संचिताची यादी दिली जाते : दंडार, खडीगंमत, मंडई, तलाव, बोली. ही यादी खरी असली, तरी तिच्याआधीचा प्रश्न हा की, ‘झाडीपट्टीचा मनुष्य’ ही कोटी केव्हा, कोणी आणि कशासाठी निर्माण केली? हा प्रश्न लाखांदुरात राहून विचारण्याला थोडा अर्थ आहे. जिल्हा भंडारा, वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्ह्यातील वडसा-देसाईगंज, पूर्वेला गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव, नैर्ऋत्येला चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी. १९८२ मध्ये गडचिरोली आणि १९९९ मध्ये गोंदिया हे जिल्हे वेगळे झाल्यावर झाडीचे चार प्रशासकीय तुकडे झाले, आणि ते चारही या एका टोकाशी येऊन भिडतात. बाजार, सोयरीक आणि नाटक या तिन्ही गोष्टी येथे जिल्ह्याची सीमा मानीत नाहीत.

इंग्रजी अमदानीत या प्रदेशाची नोंद नव्या रीतीने होऊ लागली. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. त्यानंतर बंदोबस्त, जनगणना, गॅझेटिअर असा क्रम लागला. रसेल यांचे भंडारा जिल्ह्याचे गॅझेटिअर १९०८ चे, आणि रसेल व हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ चा. परंतु आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ग्रंथ त्यांच्याही आधीचा आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नागपुरी बोलीच्या छत्राखाली जी नावे येतात, ती अशी : झाडपी, गोवारी, कोष्टी, कुणबाऊ, महारी, मरहेटी, नाटकानी इत्यादी. या यादीकडे नीट पाहावे. एक ‘झाडपी’ सोडली तर बहुतेक नावे जातींची वा समूहांची आहेत. सर्वेक्षणाची पद्धतच तशी होती. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने आपल्या हद्दीत कोणत्या भाषा बोलल्या जातात ते कळवायचे आणि बायबलातील उधळ्या मुलाच्या दृष्टान्ताचा तर्जुमा करून पाठवायचा. अधिकाऱ्याला माणसे जातीने ओळखू येत होती, म्हणून भाषाही जातीने मोजल्या गेल्या. एकाच गावात, एकाच पाराखाली बोलणाऱ्या गोवाऱ्याची, कोष्ट्याची आणि कुणब्याची ‘भाषा’ कागदावर तीन झाली.

येथे थोडे बाहेर पाहणे उपयुक्त ठरेल. बेनेडिक्ट अँडरसन यांचा ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’ हा १९८३ चा ग्रंथ आपल्या विद्यापीठीय वर्तुळात पुष्कळ उद्धृत झाला. मात्र त्यात जनगणना, नकाशा आणि वस्तुसंग्रहालय यांवरील प्रकरण १९९१ च्या आवृत्तीत जोडले गेले, आणि त्या प्रकरणाचा मुख्य आधार आग्नेय आशियातील आहे. मलाया द्वीपकल्पातील ब्रिटिश जनगणनांत दर दहा वर्षांनी कोट्या कशा बदलत गेल्या याचा दाखला अँडरसन देतात. तेथे जावा, सुमात्रा, बोर्निओ येथून आलेले आणि द्वीपकल्पात आधीपासून राहणारे निरनिराळे समूह आधी वेगवेगळे मोजले गेले, आणि क्रमाने ‘मलाय’ या एका कोटीत सामावले गेले. १९५७ च्या राज्यघटनेने या कोटीची व्याख्याच करून टाकली : इस्लाम धर्म, मलाय भाषेचा नित्य वापर आणि मलाय रूढींचे पालन. केलांतानचा मनुष्य राजधानीतल्या मनुष्याला सहज कळणार नाही अशी मलाय बोलतो, पण घटनेच्या दृष्टीने दोघेही एकच. म्हणजे तेथे जनगणनेने आणि घटनेने अनेकांचा एक केला, तर आपल्या झाडीत सर्वेक्षणाने एकाचे अनेक केले. दोन्हीकडे पेन मोजणाऱ्याच्या हातात होते.

या नोंदींना केवळ ग्रंथालयीन महत्त्व आहे असे कोणी समजू नये. सर्वेक्षणाच्या यादीत जी नावे बोली म्हणून आली, त्यांपैकी दोन नावे पुढे न्यायालयात गेली. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. गोवारी म्हणजेच गोंड गोवारी की ते दोन भिन्न समूह, हा प्रश्न घेऊन २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळाच्या अधिवेशनावर मोर्चा आला. चेंगराचेंगरीत ११४ गोवारी बांधव मृत्युमुखी पडले, त्यांत स्त्रिया आणि मुले पुष्कळ होती. ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवाऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. हलबा-कोष्टी यांच्या बाबतीत नोव्हेंबर २००० मधील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णयही याच जातीचा : यादीत जे लिहिले आहे ते जसेच्या तसे वाचायचे, त्यात भर घालायची नाही. या निर्णयांच्या गुणदोषांत शिरण्याचा प्रस्तुत लेखकाला अधिकार नाही. आपल्या विषयापुरते एवढेच की, या प्रदेशात समूहाचे नाव ही केवळ भावनेची बाब राहिलेली नाही. शाळेतील प्रवेश, नोकरी, क्वचित प्राणही त्या नावाला बांधलेले आहेत.

आणि नेमक्या याच पार्श्वभूमीवर ‘झाडी’ या नावाचे पुनरुज्जीवन झाले आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीच्या अभ्यासापासून सुरुवात करून बोलीचे व्याकरण, शब्दकोश, लोकरंगभूमीचा इतिहास असे एकहाती म्हणावे असे काम उभे केले. १९९० नंतरच्या दशकात झाडीबोली साहित्य मंडळ स्थापन झाले आणि गावोगावी झाडीबोलीची साहित्यसंमेलने भरू लागली. त्या काळात मराठी समीक्षेत भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादावर वाद चालू होता. झाडीबोलीची चळवळ मात्र त्या वादातून निघालेली नव्हती. तिची मुळे शाळामास्तरांच्या, ग्रामसेवकांच्या, गावच्या नाटक मंडळांच्या जगात होती. तिने सर्वेक्षणाच्या यादीतील जातिनामे बाजूला सारली आणि एकच प्रदेशनाम घेतले. ‘झाडपी’ हा शब्द नागपुरात आणि वऱ्हाडात अडाणी, रानटी अशा अर्थाने हिणवण्यासाठी वापरला जाई. तोच शब्द किंचित बदलून छातीवर लावण्यात आला. हे नाव घेणे सोपे होते याचे एक कारण असे की, या नावाला कोणतीही सवलत जोडलेली नव्हती. कोणत्याही यादीत ‘झाडी’ नाही, म्हणून त्यावर हक्काचा दावाही नाही आणि भांडणही नाही. अस्मितेच्या राजकारणात ज्या नावाला बाजारभाव नाही तेच नाव सर्वांना वाटून घेता येते, हे थोडे विचित्र वाटेल, पण झाडीच्या बाबतीत तसे घडले आहे.

बोलीच्या वेगळेपणाविषयी दोन शब्द. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘श’ आणि ‘ष’ यांच्या जागी ‘स’ येतो, आणि ‘ळ’चा ‘र’ होतो. पाणी ते पानी, शेत ते सेत, डोळा तो डोरा. वऱ्हाडीत हाच डोळा ‘डोया’ होतो. ‘विदर्भाची बोली’ असा सरसकट उल्लेख करणाऱ्यांनी या एका अक्षराकडे पाहिले तरी पुरे. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, तेव्हापासून विदर्भाच्या अस्मितेची चर्चा चालू आहे. त्या चर्चेत वऱ्हाड आणि नागपूर बोलतात, झाडी ऐकते. परिघाचाही एक परीघ असतो.

या ‘र’ची एक कथा प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या अपराधाची आहे. अध्यापनाच्या आरंभीच्या वर्षांत पदवी वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना ‘डोरे’, ‘कारा’, ‘फर’ असे शब्द दिसले की तांबड्या शाईने अधोरेखित करून शुद्धलेखनाचे गुण कापावयाचे, हे मी वर्षानुवर्षे निष्ठेने केले. त्याच वर्गाला दुपारी बोलीविज्ञानाच्या तासाला ‘बोली ही अशुद्ध भाषा नव्हे’ असे शिकवीत होतो. एकदा एका विद्यार्थिनीने दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून मला शांतपणे विचारले की, यांतले परीक्षेला कोणते धरायचे? मला उत्तर देता आले नाही. अभ्यासक्रमात बोलीला एका घटकाची जागा देऊन आपण तिची सोय लावली, पण लेखनातून तिला बाहेर ठेवण्याचे काम चालूच ठेवले.

आता संचिताकडे वळू. दंडार आणि खडीगंमत यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामानाने झाडीच्या शेतीची शब्दसंपदा उपेक्षित राहिली. झाडी हा धानाचा आणि तलावांचा प्रदेश. भंडारा व त्याच्या शेजारचे जिल्हे यांतील जुने तलाव मुख्यतः कोहळी समाजाच्या पुढाकाराने बांधले गेले. नवेगावबांधच्या जलाशयाचे श्रेय लोकपरंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. पाणी सोडण्याच्या दाराला तुडूम म्हणत. धानाच्या वाफ्याला बांधी, तिच्या बांधाला धुरा, रोपांना पऱ्हे, लावणीला रोवणी. १९५० च्या मालगुजारी निर्मूलनाच्या कायद्याने तलाव सरकारकडे गेले. मालगुजार गेला हे योग्यच झाले, पण तलावाची वर्षाकाठची दुरुस्ती, गाळ काढणे, पाण्याच्या पाळ्या ठरवणे ही गावाची कामेही त्याबरोबर कार्यालयात गेली, आणि पुष्कळ तलाव गाळाने भरत गेले. वैनगंगेवर गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. पाण्याचा विचार गावाच्या पातळीवरून नदीच्या पातळीवर गेला, तशी ‘तुडूम’सारखी शब्दांची एक पिढी वापरातून सुटली.

मराठी ग्रामीण साहित्याने शेतीचे जे चित्र आपल्या मनावर ठसवले, ते जोंधळ्याचे, मोटेचे आणि अवर्षणाचे आहे. धान आलेच तर ते कोकणातले. तलावाखालचे धान, गुडघाभर चिखलात ओळीने वाकलेल्या रोवणाऱ्या बाया आणि त्यांची गाणी, हे चित्र मराठी वाचकाच्या ‘खेड्या’त नाही. मारुती चितमपल्ली यांच्या ‘नवेगावबांधचे दिवस’मुळे या मुलखातील पक्षी आणि पाणी मराठी वाचकाला परिचित झाले. पण ती वनाधिकाऱ्याची, प्रेमाने पाहणाऱ्या पाहुण्याची दृष्टी आहे, बांधीत उभे राहणाऱ्याची नव्हे. येथे पुन्हा देवगिरीची आठवण होते : झाडीत झाडे दिसतात, माणूस उशिरा दिसतो.

माणूस जेथे स्वतःहून समोर येतो, ती जागा म्हणजे नाटक. दिवाळीनंतर धान निघाले की गावोगाव मंडई भरते, कोठे शंकरपट होतो, आणि रात्री नाटक. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. वडशाला नाट्यसंस्थांची कार्यालये आहेत. गावाची मंडळे तेथे जाऊन प्रयोग ठरवतात, तिकिटे लावतात आणि रात्री दहाच्या पुढे सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत पाहतात. शासकीय अनुदानावर ही रंगभूमी उभी राहिलेली नाही. धानाच्या पैशावर ती उभी आहे, म्हणून पीक बुडाले की प्रयोगही कमी होतात. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळेपर्यंत पट बंद राहिले, पण पटाच्या निमित्ताने होणारी नाटके बंद झाली नाहीत. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांना या रंगभूमीची ओळख नव्याने करून द्यावी लागली.

केलांतानच्या माक योंग या नाट्यप्रकाराशी याची तुलना केली तर एक उलटा प्रकार दिसतो. १९९० मध्ये तेथे सत्तेवर आलेल्या पक्षाने इस्लामपूर्व अंशांमुळे या नाट्याच्या सार्वजनिक प्रयोगांवर बंदी घातली. २००५ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशाचा श्रेष्ठ नमुना म्हणून घोषित केले. म्हणजे जगाने ज्याला वारसा म्हटले त्याला जन्मगावी रंगमंच नव्हता. २०१९ मध्ये बंदी अटींसह शिथिल झाली. झाडीपट्टीच्या नाटकाला वारसा म्हणून कोणी शिक्का दिला नाही, त्याला रंगमंच मात्र रोज रात्री आहे. माझ्या मते यांपैकी दुसरी स्थिती पत्करावी.

तरीही या नाटकाच्या भाषेबद्दल बोलणे आवश्यक आहे. नायक-नायिका, पोलीस अधिकारी, वकील, श्रीमंत पाटील हे सर्वसाधारणपणे प्रमाण मराठी बोलतात. झाडीबोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. तो बोलू लागला की मंडप हसतो, आणि ते हसणे तुच्छतेचे नसते, ओळखीचे असते, हे खरे. पण रडण्याची, प्रेमाची, न्याय मागण्याची भाषा अजून उसनी आहे. झाडीबोलीच्या कवितेने हे बंधन काही प्रमाणात तोडले. नाटकाने ते तोडलेले नाही, कारण प्रेक्षक पैसे देतो तो रोजच्या भाषेहून निराळे काही ऐकण्यासाठी, असे नाटकवाले म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तांबडी शाई एकट्या प्राध्यापकाच्याच हाती असते असे नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ‘झाडी’ या एका नावात सर्व समूह खरोखर सामावतात काय? गोंडी ही द्राविड कुलातील स्वतंत्र भाषा, ती झाडीबोलीची उपशाखा होऊ शकत नाही. पोवारांची पोवारी वेगळी. ज्यांची बोली सर्वेक्षणाने ‘महारी’ म्हणून नोंदवली, त्यांनी १९५६ नंतर ते नाव टाकले आणि आपली ओळख दुसऱ्या, अधिक मोठ्या इतिहासाशी जोडली. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि पराभूत झाले. झाडीच्या गौरवग्रंथांत हा प्रसंग क्वचित येतो. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडले, त्यांचा उल्लेख मात्र ‘झाडीचे वैभव’ म्हणून होतो. स्तूप आपला आणि निवडणूक कोणाचीच नाही, अशी ही वारशाची निवड आहे. जातिनामे बाजूला सारली म्हणून जात बाजूला झाली असे होत नाही. एकत्र येण्यासाठी घेतलेल्या नावात काय बोलायचे नाही याचाही एक अलिखित करार असतो.

गेल्या हंगामात लाखांदूर परिसरातील एका गावी मंडईच्या रात्री दंडार पाहिली. पुरुषच स्त्रीवेषात, टिपऱ्यांचा ठेका, मधूनच कालच्या निवडणुकीवर एक टोमणा. नाचणाऱ्यांत तीन-चार निरनिराळ्या समाजांची मुले होती, हे शेजारी बसलेल्या वृद्धाने आपण होऊन सांगितले, प्रत्येकाकडे बोट दाखवून, जातीसह. मी विचारले, “बाबा, ही दंडार कोणाची?” त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले. “आमच्या गावाची,” ते म्हणाले. झाडीचे नाव त्यांनी घेतले नाही. ते मी माझ्या वहीत लिहिले.